वाफसा येण्याआधी ट्रॅक्टरचा हुक आणि पिना मोकळ्या करून ठेवा

उसाचा गळीत हंगाम संपला की ट्रॉली बांधाकडेला लागते. ट्रॅक्टरच्या मागचा हुक मात्र नोव्हेंबरात बसवला तसाच राहतो. पाच-सहा महिने त्याला जागेवर धरणारी पिन कुणी उपसून पाहत नाही, कारण गरजच पडत नाही. गरज पडते जूनमध्ये. मृगाचा पाऊस होतो, दोन दिवसांनी वाफसा येतो, म्हणजे रान मशागतीजोगं होतं, माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर जोडायचा म्हणून हुक काढायला जावं तर पिन जागची हलत नाही. मग घण येतो, शेजारचा येतो, शेवटी गॅसकटरवाल्याला फोन जातो, आणि तोवर पुन्हा आभाळ भरून येतं. एका पिनेपायी वाफसा हातचा गेलेला मी आमच्याच शिवारात पाहिला आहे, म्हणून हे रोहिणी नक्षत्र लागण्याआधी, म्हणजे 25 मेच्या आत उरकून घ्या, असं कळकळीने सांगतो.

पिन जाम का होते हे कळलं की निम्मं काम सोपं होतं. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. पिन आणि भोक यांच्यात फट असते केसाएवढी. तिच्यात ओल शिरली, गंज फुगला की तो पाचरीसारखा बसतो. त्यात खताची पूड गेली असेल तर आणखी वाईट. पोटॅश म्हणून आपण जे टाकतो ते बहुतेक वेळा क्लोराइडच असतं, मिठासारखं ओल धरून ठेवतं आणि लोखंड खातं. कोकणात आणि गोव्यात किनाऱ्याजवळ खारा वाराच हे काम करतो, तिथे पॉवर टिलरच्या जोडणीच्या पिनाही याच नजरेने बघा.

पिन सहज निघाली तर काम अर्ध्या तासाचं आहे. तारेच्या ब्रशने पिन घासा, भोकात पॉलिश पेपर गुंडाळलेली काठी फिरवा, डिझेलच्या फडक्याने पुसा आणि पूर्ण कोरडं होऊ द्या. मग ग्रीसचा पातळ हात द्या. जाड थर नको, त्याला माती चिकटते आणि पुढे तीच माती पिनेला कानशीसारखी खाते. जळकं ऑइल तर भोकात घालूच नका. त्यात काजळी, धातूचा चुरा आणि आम्लता असते, शिवाय ते निथळून रानात जातं.

निघत नसेल तर पहिल्यांदा वजन उतरवा. ट्रॉली जोडलेली असेल तर चाकांना दगड लावा, दांडी जॅकवर घ्या. पुष्कळदा पिन गंजाने नाही, ताणाने अडकलेली असते. तरीही हलली नाही तर गंज सोडवणारा स्प्रे किंवा डिझेलमध्ये थोडं नवं ऑइल मिसळून वरून-खालून सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी ठोकण्याआधी पाइप पान्याने पिन डावी-उजवी फिरवा. फिरली की निघालीच म्हणून समजा. सरळ घण घातला तर पिनेचं डोकं पसरतं आणि मग ती भोकातून जन्मात निघत नाही. ठोकायचंच असेल तर मध्ये लाकडाचा ठोकळा किंवा पितळी तुकडा धरा आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या, कारण कडक पिनेचा कपचा उडतो तो सरळ डोळ्याकडे. गॅसची ज्योत शेवटचा उपाय, आणि तोही वर्कशॉपमध्ये. स्प्रे मारलेल्या जागी ज्योत नेली तर भडका उडतो, हायड्रॉलिकचे पाइप आणि सील जवळच असतात. तापवलेल्या पिनेचा कडकपणा गेलेला असतो, ती पुन्हा वापरू नका.

कापून काढलेल्या पिनेच्या जागी बोल्ट किंवा बांधकामाची सळई घालणारे गावोगाव आहेत. कृपा करून ते करू नका. भरलेली ट्रॉली उतारावर सुटली तर मागून येणाऱ्याचा जीव जातो. हुक परत बसत नाही म्हणून साखळी वर टॉप लिंकच्या (अवजार वरून धरणाऱ्या दांड्याच्या) कानाला बांधून ओढण्याचाही मोह होतो. ओढ इतक्या उंचीवर लागली की पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर चालकावर उलटतो. ओढायचं ते खालच्या ड्रॉबारवरूनच, म्हणजे ओढण्यासाठी दिलेल्या पट्टीवरूनच.

टॉप लिंकचे आटे हात लावल्याशिवाय सोडू नका. एका टोकाचे आटे उलटे असतात, म्हणून मधली नळी एकाच बाजूला फिरवली की दोन्ही टोकं बाहेर येतात. आधी नळी जागेवर धरणारा चेक नट सैल करा, मग आटे दिसतील तेवढी लांब करा, ब्रश मारा, ग्रीस लावा, परत आत घ्या.

रोटाव्हेटरचा पीटीओ शाफ्ट, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद अवजाराला पोचवणारा फिरता दांडा, हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. त्याच्या दोन नळ्या एकमेकींत सरकल्या पाहिजेत. त्या गंजून धरल्या तर अवजार उचलताना सगळा दाब गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो, आणि तो खर्च पिनेच्या कितीतरी पट आहे. इंजिन बंद करून शाफ्ट काढा, नळ्या वेगळ्या करा, पुसा, ग्रीस लावा, वरचं प्लॅस्टिकचं कव्हर फुटलं असेल तर बदला. शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसच्या ग्रीस निपलवरची माती आधी पुसा, नाहीतर ग्रीस गन तीच माती आत ढकलते.

पावसाळाभर दर पंधरा दिवसांनी पिन एकदा उपसा, पुसा, हात फिरवून परत घाला. खत टाकून आलात तर त्याच संध्याकाळी पाण्याने धुवा आणि वाळल्यावर तेल लावा. काढलेला हुक शेडमध्ये खुंटीला टांगा, जमिनीवर किंवा खताच्या पोत्यांजवळ ठेवू नका. रिकाम्या भोकात ग्रीस लावलेलं फडकं कोंबून ठेवा.

टूलबॉक्समध्ये एक जादा पिन आणि पिन निसटू नये म्हणून लावायच्या दोन लिंच पिन असाव्यात. दुकानात जाण्याआधी आपलं अवजार मोजा. जोडणीच्या आकाराला कॅटेगरी म्हणतात: कॅटेगरी 1 ला वरची पिन 19 मिमी आणि खालच्या 22 मिमी, कॅटेगरी 2 ला 25 आणि 28 मिमी. 22 ची पिन 28 च्या बॉलमध्ये (जोडणीच्या टोकाच्या भोकात) घालायची वेळ आली तर बुश, म्हणजे मधली फट भरणारी नळी घ्या, तशीच खेळती ठेवू नका.