बाल्कनीतील मेजासाठी टाइलच्या तुकड्यांचे मोझॅक

ठाणे किंवा नवी मुंबईत घराचे नूतनीकरण झाले की न्हाणीघराच्या आणि स्वयंपाकघराच्या भिंतींना लावून उरलेल्या टाइल माळ्यावर वर्षानुवर्षे पडून राहतात. त्यांतून बाल्कनीतील लहान मेजाचा पृष्ठभाग घरच्या घरी घडवता येतो. तो आपल्याकडचा पावसाळा सोसेल की नाही, हे मात्र तुकड्यांखालच्या पायावर अवलंबून असते, म्हणून विचार तिथूनच सुरू करावा.

एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा किंवा तंतू दाबून केलेले फळे) ओलाव्याने फुगतात, त्यामुळे ते बाल्कनीसाठी पूर्णपणे टाळावेत. कडप्पा किंवा सिमेंट शीटचा पाया सर्वांत विश्वासार्ह असतो. लाकूडच हवे असेल, तर आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय (पाण्यात टिकणारा प्लायवूड) घेऊन त्याच्या कडा आणि खालची बाजू ऑइलपेंटने बंद करावी. पांढरा फेव्हिकॉल घरात असतोच, पण तो पाण्याने पुन्हा मऊ होतो. त्याऐवजी पॉलिमरयुक्त टाइल अ‍ॅडहेसिव्ह वापरावे. व्हिट्रिफाइड टाइल (खूप दाट आणि कठीण प्रकारची) पाणी जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे साधे सिमेंट तिला नीट धरत नाही.

नक्षीसाठी वारली आकृत्या मला सर्वांत योग्य वाटतात. त्या ठाणे-पालघरच्या मातीतल्या आहेत हे एक कारण आहेच. शिवाय वारली माणसाचे धड टोकाला टोक भिडलेल्या दोन त्रिकोणांचे असते आणि टाइलचा त्रिकोण टाइल तोडण्याच्या पकडीने (निपरने) सहज निघतो. अडचण हातापायांची येते, कारण फार अरुंद पट्ट्या तोडताना तुटतात. म्हणून आकृती साधारण १५ सेंमी उंचीची ठेवावी आणि पट्ट्या टाइल कटरने आधी चरा पाडून काढाव्यात. चित्र प्रत्यक्ष आकारात कागदावर काढून सर्व तुकडे त्यावर कोरडेच मांडून पाहावेत.

तुकड्यांसाठी भिंतीची सिरॅमिक टाइल घ्यावी, कारण ती व्हिट्रिफाइडपेक्षा मऊ असते. सर्व तुकडे एकाच जाडीचे असावेत. पकडीचे तोंड टाइलच्या मध्यापर्यंत न नेता कडेवर २-३ मिमीच ठेवून दाबावे, म्हणजे फूट बरीचशी आपल्याला हवी त्या दिशेने जाते. डोळ्यांवर संरक्षक चष्मा आणि हातांत जाड मोजे असल्याशिवाय हे काम करू नये. धारदार कडा ओल्या पॉलिश पेपरने घासाव्यात. पाण्यामुळे धूळही उडत नाही.

अ‍ॅडहेसिव्ह कालवल्यावर पाच-दहा मिनिटे तसेच ठेवून पुन्हा ढवळावे आणि घट्ट होऊ लागल्यावर त्यात पाणी घालू नये. मे महिन्यात त्याच्यावर लवकर साय धरते, म्हणून दहा मिनिटांत भरून होईल एवढ्याच भागावर सुमारे ३ मिमी थर पसरावा. आधी आकृत्या, मग त्यांच्या कडेने एक ओळ आणि शेवटी उरलेली पार्श्वभूमी भरावी. तुकड्यांमध्ये २-३ मिमी फट ठेवावी आणि फटीत वर आलेला मसाला लगेच काढावा, कारण तिथे ग्राउटला, म्हणजे फटी भरण्याच्या मिश्रणाला, जागा हवी असते.

किमान २४ तासांनी, आणि हवा दमट असेल तर त्याहून उशिरा, ग्राउट भरावे. पांढऱ्या आकृत्यांना गेरूच्या रंगाची पार्श्वभूमी असेल, तर ग्राउटही त्याच रंगाचे घ्यावे. पांढरे ग्राउट आकृत्यांच्या रेषा पार्श्वभूमीत मिसळून टाकते आणि लवकर मळते. रबरी पट्टीने ग्राउट तिरके ओढून फटी दाबून भराव्यात आणि थोडे आवळल्यावर नीट पिळलेल्या स्पंजने पुसावे. स्पंजमध्ये पाणी जास्त राहिले, तर रंग फिका पडून डाग उमटतात. बादलीतले गढूळ पाणी मोरीत ओतू नये, कारण सिमेंट नळीत बसून घट्ट होते. गाळ खाली बसू द्यावा आणि वाळल्यावर कचऱ्यात टाकावा.

सिमेंटचे ग्राउट पुढचे दोन-तीन दिवस ओलसर फडक्याखाली ठेवावे आणि पूर्ण वाळल्यावर त्यावर सीलर (पाणी आत शिरू न देणारा लेप) लावावा. एरवी मेज स्वच्छ करायला साबणाचे पाणी पुरते. संडास धुण्याचे अ‍ॅसिड ग्राउट खाते, त्यामुळे ते या मेजावर कधीही वापरू नये.