रब्बीच्या रात्रपाळीत हेडलॅम्प: पूर्ण उजेड किती वेळ आणि कसा वापरावा

हंगाम: रब्बी, नोव्हेंबर ते फेब्रुवारी
भाग: इंदूर, सांवेर, देपालपूर, महू आणि आसपासचा मालवा

गव्हाला पहिलं पाणी पेरणीनंतर २० ते २१ दिवसांनी, मुकुटमुळं फुटताना लागतं. पुढे लसूण, बटाटा, हरभरा यांच्या पाळ्या एकमेकींत मिसळतात आणि शेतीच्या फीडरला वीज रात्रीची असेल तर दारं (वाफ्यांत पाणी सोडायची तोंडं) अंधारातच धरावी लागतात. फावड्याला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून डोक्यावर हेडलॅम्प आला. त्याबद्दलची तक्रार ठरलेली असते: सगळ्यात मोठ्या उजेडावर लावला की थोड्या वेळात उजेड आपोआप उतरतो, दुकानदाराने बॅटरी खराब दिली. पुष्कळदा बॅटरी ठीक असते. लॅम्प तापलेला असतो आणि स्वतःला वाचवत असतो.

एलईडीचा झोत हाताला गार लागतो, म्हणून ती तापत नाही असा समज आहे. जुन्या बल्बची बरीचशी उष्णता उजेडाबरोबर पुढे निघून जायची. एलईडीची उष्णता मागच्या बाजूने, तिच्या धातूच्या पट्टीतून बॉडीत उतरते आणि बॉडीवरून हवेत जाते. १० वॅटच्या हेडलॅम्पमध्ये साधारण ६ ते ७ वॅट उष्णताच असते. बॉडी ५० ग्रॅम ॲल्युमिनियमची धरली आणि हवेत जाणारी उष्णता सोडून दिली, तर ती मिनिटाला ८ ते ९ अंशांनी तापते. पौषातल्या १० अंशांच्या रात्री ५५ अंश, म्हणजे बोट टिकणार नाही इतकं तापायला पाच मिनिटं लागतील. एप्रिलमध्ये उन्हाळी मुगाला पाणी देताना हवा ३२ अंश असेल तर अडीच-तीन मिनिटं पुरतात. चालत असाल किंवा वारा असेल तर वेळ वाढतो. विहिरीच्या कठड्यापाशी एका जागी बसून राहिलात तर हिशोब जवळजवळ असाच येतो.

बॉडी गरम होणं हा दोष नाही, उष्णता बाहेर येत असल्याची ती खूण आहे. काळजी उलट लक्षणाची करा: पूर्ण उजेडावर तीन-चार मिनिटं झाली, बॉडी बाहेरून गारच आहे, तरी उजेड मंदावतोय किंवा निळसर होतोय. याचा अर्थ उष्णता एलईडीपाशीच अडकली आहे. बऱ्याच लॅम्पमध्ये तापमान मोजणारा सेन्सर एलईडीवर नसून सर्किटच्या पट्टीवर असतो. मधला जोड सुटला की एलईडी भाजून निघते आणि सेन्सरला ते उशिरा कळतं.

पूर्ण उजेड कुठे लावावा

उजेड चौपट केला तरी झोत दुप्पटच लांब जातो. म्हणजे १००० ल्युमेनवरून (ल्युमेन हे उजेड मोजायचं एकक) २५० वर आलात तर पल्ला निम्मा होतो, पण उष्णता चौथाईवर किंवा त्याहूनही खाली येते, कारण कमी करंटवर एलईडी जास्त किफायतीने चालते. म्हणून दारं फोडणं, वाफा बांधणं, पाइपचा जोड बसवणं यांना ३० ते ६० ल्युमेन भरपूर झाले. बांधावरून चालायला १०० ते १५०. पूर्ण उजेड फक्त लांबचं बघायचं असेल तेव्हा: पाणी शेवटच्या साऱ्यापर्यंत पोचलं का, हरभऱ्यात नीलगाई शिरल्या का, पलीकडच्या बांधावर पाट फुटला का. एवढं बघायला अर्धं मिनिट पुरतं. बघितलं की खाली उतरा.

सेलचा हिशोबही तेच सांगतो. ३००० एमएएच (साठवण मोजायचं एकक) क्षमतेच्या एका १८६५० सेलमध्ये, म्हणजे हेडलॅम्पमधल्या गोल लिथियम सेलमध्ये, सुमारे ११ वॅट-तास असतात. १० वॅटवर तो जेमतेम तासभर पुरतो, दीड वॅटवर सात तास. सहा तासांची पाळी असेल तर रात्रभर पूर्ण उजेड चालवण्याचा प्रश्नच उरत नाही.

खोक्यावरचा आकडाही समजून घ्या. एएनएसआय एफएल १ या टॉर्च-हेडलॅम्पच्या मानकाप्रमाणे ल्युमेन मोजतात ते लॅम्प लावल्यानंतर ३० सेकंदांपासून २ मिनिटांच्या आत. किती तास चालतो हे मात्र उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत धरतात. '१००० ल्युमेन, ८ तास' याचा अर्थ ८ तास १००० ल्युमेन असा नाही. ज्या खोक्यावर मानकाचं नावच नाही आणि आकडा लाखात आहे, त्यावर वेळ घालवू नका.

धुक्यात पूर्ण उजेडाचा उपयोग नाही. जानेवारीच्या पहाटे तो पांढरा पडदा होऊन डोळ्यांवरच परततो. अशा वेळी लॅम्प पट्ट्यातून काढून कमरेच्या उंचीवर हातात धरा आणि मंद ठेवा. साप, बीळ, खड्डा बघायलाही हीच रीत बरी. दिवा डोळ्यांच्या अगदी जवळ असला की सावल्या दिसत नाहीत आणि जमीन सपाट भासते. खालून तिरका उजेड पडला की उंचसखलपणा उठून दिसतो.

थंडीतच लॅम्प का तापतो

गार हवेत लॅम्प तापायला नको असं वाटतं, पण या हंगामात तो कोंडला जातो. कानटोपी, मफलर किंवा गमछा लॅम्पवरून गुंडाळला की बॉडीवरच्या खाचा झाकल्या जातात. त्या खाचा हवा लागावी म्हणूनच कापलेल्या असतात. मफलर आधी बांधा, पट्टा त्यावरून घ्या. दुसरं कारण म्हणजे आपली काळी माती: चिखल खाचांत भरून वाळला की उष्णता अडवणारा थर तयार होतो. आठवड्यातून एकदा जुना टूथब्रश आणि ओलं फडकं फिरवा.

तापलेला लॅम्प पाटाच्या पाण्यात बुडवून गार करण्याची सवय वाईट. आतली गरम हवा एकदम आकसते आणि रबरी रिंगच्या कडेने पाणी आत ओढते. काचही तडकू शकते. आयपीएक्स हा पाण्यापासून बचावाचा दर्जा. आयपीएक्स ४ लिहिलेला लॅम्प फक्त शिंतोडे सहन करतो. आयपीएक्स ७ एक मीटर पाण्यात अर्धा तास, तोही रिंग धड असेल तर. गार करायचा तर मंद उजेडावर आणून चालत राहा.

हाताची चाचणी सोपी आहे. बॉडीवर बोट पाच सेकंद टिकत नसेल तर ती ५५ अंशांच्या पुढे गेली असं समजून उजेड कमी करा. प्लॅस्टिकच्या बॉडीला ही चाचणी लागू नाही, कारण प्लॅस्टिक उष्णता बाहेर येऊच देत नाही. असा लॅम्प पूर्ण उजेडावर एका वेळी मिनिटभरच ठेवा.

उजेड उतरला: उष्णता की सेल?

लॅम्प बंद करून मोकळ्या हवेत दोन-तीन मिनिटं ठेवा आणि पुन्हा पूर्ण उजेडावर लावा. काही मिनिटं नीट चालून मग उतरला तर कारण उष्णता, किंवा वेळेनुसार उजेड उतरवणारं सर्किट. दोन्ही ठीकच आहेत. काही सेकंदांत उतरला तर सेल रिकामा किंवा थकलेला. खात्रीसाठी सेल काढून मल्टिमीटर लावा: पूर्ण भरलेला ४.२ व्होल्ट, ३.६ च्या आसपास थोडाच उरलेला, ३.० म्हणजे संपला. कडाक्याच्या थंडीत सेलचा व्होल्टेज भाराखाली लवकर पडतो. जादा सेल आतल्या खिशात ठेवा, पण प्लॅस्टिकच्या डबीत. किल्ली किंवा नाण्याला दोन्ही टोकं लागली तर खिशातच शॉर्ट होईल.

१८६५० आकाराचा सेल '९९०० एमएएच' लिहून विकतात, तो खोटा. या आकाराच्या चांगल्या सेलमध्ये साधारण ३५०० पर्यंत मावतात. वजन करून बघा: खरा ४५ ते ४८ ग्रॅम भरतो, नकली पुष्कळदा बराच हलका. किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावरही ते कळतं, सराफ्यात जायची गरज नाही.

थर्मल पेस्ट

बाहेरून गार, आतून उजेड उतरता, असं लक्षण असेल आणि लॅम्पचं तोंड आट्यांचं (फिरवून उघडणारं) असेल तर हे काम घरी होतं. सेल काढा. काचेची कडी उघडून रिफ्लेक्टर बाजूला घ्या; आत बोट लावू नका. एलईडी ज्या गोल धातूच्या पट्टीवर आहे ती हलते का, काडीने बघा. स्क्रूने बसवलेली असेल तर सोडवा. तारा ओढू नका, सोल्डरचा डाग सुटतो. खालची वाळलेली पेस्ट स्पिरिटच्या बोळ्याने पुसा आणि नवी थर्मल पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी लावून पातळ पसरा. पेस्टचं काम धातूंमधल्या बारीक फटी भरण्यापुरतंच. जाड थर धातूपेक्षा उष्णता फारच कमी नेतो आणि उपाय उलटतो. पट्टी दाबून स्क्रू कसा, कडी हाताने घट्ट करा. ही पेस्ट इंदूरच्या जेल रोडला कॉम्प्युटर-मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडे मिळते. रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा. डिझेल किंवा थिनरने पुसू नका, रबर फुगतं. लॅम्प गोंदाने चिकटवलेला असेल तर उघडण्याच्या भानगडीत पडू नका, मंद उजेडावर वापरत राहा.

पाल्याच्या (दंव गोठण्याच्या) रात्री आणि नंतर

डिसेंबरअखेर ते जानेवारीत आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि पारा ४ अंशांखाली जायची चिन्हं असतील, तर हरभरा, वाटाणा, बटाट्याला संध्याकाळी हलकं पाणी देतात. या रात्री लांबतात, म्हणून दोन सेल भरून न्या. पंपाच्या स्टार्टरला हात लावण्याआधी हात कोरडे करा आणि खाली कोरडी फळी किंवा रबरी चटई आहे ना ते बघा.

घरी आल्यावर लॅम्प लगेच चार्जिंगला लावू नका, सेल हाताला गार लागू द्या. ४५ अंशांच्या वर किंवा शून्याखाली लिथियम सेल चार्ज करू नये. चार्जर भुशाच्या कोठीत, गोधडीवर किंवा उशाशी नको. फरशीवर, डोळ्यांसमोर हवा. पिशवीत टाकताना मागचं झाकण पाव आटा सैल करा. बऱ्याच लॅम्पमध्ये त्याने सर्किट तुटतं आणि बटण दाबलं जाऊन लॅम्प पिशवीतच पूर्ण उजेडावर जळत राहत नाही.

गहू निघाला की सेल अर्धा भरलेला ठेवून लॅम्पमधून काढा आणि घरात गार जागी ठेवा. ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये उन्हाळाभर नको. फुगलेली चपटी बॅटरी किंवा गळलेला सेल टोचू नका, चुलीत टाकू नका. टोकांवर चिकटपट्टी लावा. इंदूर शहरात कचरागाडीला ई-कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, त्यातच द्या.