संस्थेची बाजू स्वयंसेवकाकडून कशी मांडून घ्यावी

संस्थेचा पगारी माणूस मागणी घेऊन गेला की समोरच्याला वाटतं, हा याच्या नोकरीचाच भाग आहे. स्वयंसेवकाबद्दल तशी शंका येत नाही. पदरचा वेळ आणि भाडं खर्चून आलेल्या माणसाचं लोक जरा जास्त ऐकतात. म्हणून लोकप्रतिनिधी, अधिकारी किंवा मोठा देणगीदार यांच्या भेटीत त्याला पुढे बसवा आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्याने शेजारी बसावं.

माणूस निवडताना वक्ता शोधू नका. निदान सहा महिने प्रत्यक्ष काम केलेला हवा, आणि भेट लोकप्रतिनिधीची असेल तर त्याच्याच मतदारसंघात राहणारा. अडखळत बोलला तरी चालतं. घोटून पाठ केलेलं भाषण मात्र लगेच ओळखू येतं.

मागणी एकच ठेवा. ‘सहकार्य करावे’ ही मागणी नव्हे, कारण तिला ‘हो’ म्हणून कुणीही मोकळा होतो. ‘शाळेची एक खोली आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी ६ ते ८ वाचनवर्गासाठी मिळावी’ असं मागितलं की उत्तरही नेमकं द्यावं लागतं. ती गोष्ट समोरच्याच्या अधिकारात आहे का, हे आधी तपासा. बऱ्याच भेटी इथेच वाया जातात. पैशांची मागणी असेल तर अंदाजपत्रक ठरण्याच्या तीन-चार महिने आधी जा. ५ डिसेंबरच्या आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिनी फोटो छान निघतात, पण तोवर आकडे ठरून गेलेले असू शकतात.

बोलणं एका मिनिटात बसवा. साधारण असं:

‘मी दर शनिवारी दोन तास मुलांना वाचायला शिकवते. माझ्या गटात नऊ मुलं आहेत. त्यातला एक मुलगा जूनमध्ये अक्षरं जोडायलाही घाबरायचा, आता पान वाचून दाखवतो. जागा नसल्याने चौदा मुलं यादीत थांबली आहेत. एक खोली मिळाली तर त्यांना पुढच्या महिन्यापासून घेता येईल.’

यात स्वतः पाहिलेली एक गोष्ट, मोजके आकडे आणि मागणी एवढंच आहे. संस्थेची स्थापना, उद्दिष्टं, पुरस्कार हे सगळं निवेदनाच्या एका पानावर जाऊ द्या. मुलाचं नाव घेतलेलं नाही, तेही मुद्दाम. लाभार्थीची हकिगत सांगायची तर त्याची, आणि मूल असेल तर पालकांची, लेखी संमती लागते. ती कधीही मागे घेता येते हेही त्यांना सांगा.

भेटीआधी दीड तास सराव पुरतो. त्यातला निम्मा वेळ आडव्या प्रश्नांना द्या: ‘इतकी वर्षं चाललंच ना, मग आताच खोली कशाला?’ माहीत नसलेल्या प्रश्नाला एकच उत्तर घोकून घ्या: ‘आकडा आत्ता माझ्याकडे नाही, परवापर्यंत कळवतो.’ अंदाजे ठोकलेला आकडा फाइलीत जातो आणि सहा महिन्यांनी संस्थेच्याच अंगावर येतो. संस्थेच्या वतीने शब्द द्यायचा नाही, हेही बजावून सांगा.

भेटीला तिघं पुरेत: एक बोलणारा, एक मागणीचा विषय नीट माहीत असलेला पदाधिकारी, एक टिपणं घेणारा. वेळ पंधरा मिनिटांची मिळाली तर सात मिनिटांची समजून चाला. निवेदन शेवटी द्या. आधी दिलंत तर साहेब खाली मान घालून वाचत बसतात आणि बोलणाऱ्याकडे बघतही नाहीत. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. दोन दिवसांच्या आत आभाराचं पत्र जाऊ द्या आणि त्यात ‘आपण अमुक तारखेपर्यंत पाहणी करण्याचे मान्य केलेत’ असं स्पष्ट लिहा. पुढचा पाठपुरावा याच वाक्यावर चालतो.

ईमेल मोहीम करत असाल तर एकच मजकूर पन्नास जणांकडून पाठवू नका, तो एकच समजला जातो. आपापल्या शब्दांतली दहा पत्रं त्याहून वजनदार.

निवडणुकीच्या काळात विशेष जपा. अनेक देशांत धर्मादाय संस्थांना उमेदवाराचा प्रचार करायला बंदी असते. स्वयंसेवकाचं स्वतःचं राजकीय मत असणारच. संस्थेचा टी-शर्ट घालून ते मांडू नये, एवढी अट घाला.

आणि हजेरी वही. तारीख, नाव, काम, तास, सही हे त्याच दिवशी भरून घ्या. वीस जणांनी आठवड्याला तीन तास, वर्षात ४८ आठवडे काम केलं तर २,८८० तास होतात. निवेदनात हा आकडा बोलतो, आणि काही निधीदाते तो प्रकल्पाच्या खर्चातला संस्थेचा स्वतःचा वाटा म्हणून धरतात. वर्षअखेरीला आठवून भरलेली वही तपासणीत टिकत नाही. एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात भरलेली पानं कुणालाही कळतात.

दर भेटीला तोच एक माणूस पाठवू नका, तो थकतो. निदान चार जण तयार ठेवा आणि भेटीचं पुढे काय झालं ते चौघांनाही कळवा, उत्तर नकाराचं असलं तरी.