पेशीविभाजनाला आवर घालणारे प्रथिन कसे पारखावे

एखादे प्रथिन अवयवाची वाढ रोखते, असा दावा वाचनात आला की प्रथम ते कोठे तयार होते हे पाहावे. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ विल्यम बुलो यांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या ‘कॅलोन’ कल्पनेनुसार प्रत्येक ऊती असा पदार्थ स्वतःच स्रवते, जो तिच्याच पेशींचे विभाजन मंदावतो. ऊतीचा भाग नाहीसा झाला की त्या पदार्थाचे प्रमाण घटते आणि उरलेल्या पेशी विभाजित होऊ लागतात.

यानंतर ते प्रथिन पेशींना देऊन विभाजन घटते का, हे तपासावे. सर्वाधिक फसगत होते ती येथेच, कारण विषबाधा झालेली पेशीही विभाजित होत नाही. कॅलोनचे सुरुवातीचे अर्क अनेक पदार्थांची मिश्रणे होती आणि ती सुंदर कल्पना मुख्यतः त्यामुळेच मागे पडली. म्हणून शुद्ध प्रथिन वापरावे, जिवंत पेशी मोजाव्यात, प्रथिन धुऊन काढल्यावर विभाजन पूर्ववत होते का ते पाहावे आणि दुसऱ्या ऊतीच्या पेशींवरही तोच प्रयोग करावा.

तरीही एवढ्याने केवळ प्रथिनाची क्षमता कळते. शरीर तिचा खरोखर उपयोग करते का, हे प्रथिन काढून टाकल्यावरच कळते. १९९७ मध्ये मायोस्टॅटिन या स्नायूंची वाढ रोखणाऱ्या प्रथिनाचे जनुक निकामी केलेल्या उंदरांचे स्नायू दुपटी-तिपटीने वजनदार झाले, आणि बेल्जियन ब्लू गुरांच्या भरदार स्नायूंमागेही याच जनुकातील बिघाड असल्याचे त्याच वर्षी दिसले. माझ्या मते याहून बोलका पुरावा नाही. मात्र अवयव मोठा झाला तो पेशींची संख्या वाढल्याने की आकार वाढल्याने, हे वेगळे मोजावे. यकृतपेशी तर डीएनए दुप्पट करूनही विभाजन टाळू शकतात, त्यामुळे केवळ डीएनए-निर्मितीच्या खुणेवर विसंबू नये.

पुनर्निर्मितीच्या कसोटीसाठी यकृतच उत्तम. उंदराचे दोन-तृतीयांश यकृत काढले तरी उरलेले भाग वाढून सुमारे आठवड्या-दीड आठवड्यात मूळ यकृताचे वजन गाठतात. टीजीएफ-बीटा हे प्रथिन प्रयोगशाळेत वाढवलेल्या यकृतपेशींचे विभाजन रोखते. परंतु यकृतपेशींना त्याचा संकेत मिळेनासा केला, तरी उंदरांमधील ही वाढ योग्य वेळी थांबते. येथे अॅक्टिव्हिन हे दुसरे प्रथिनही तेच काम करते, म्हणून एकेक प्रथिन हटवून परिणाम दिसला नाही, तर दोन्ही संकेत एकत्र बंद करून पाहावे.