स्फटिकात मध्य-अवरक्त वेव्हगाइड लिहिताय? या चुका टाळा

वेव्हगाइड म्हणजे स्फटिकाच्या आत लेझरच्या रेघांनी आखलेली, प्रकाश वाहून नेणारी अरुंद वाट. त्यात लाल लेझर सोडला, दुसऱ्या टोकाला सुरेख गोल ठिपका उमटला. खूश होऊन ४ मायक्रॉन तरंगलांबीचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा मध्य-अवरक्त प्रकाश सोडला, तर थर्मल कॅमेऱ्यात नुसता धूसर पसारा. माझी एक अख्खी दुपार त्या लाल ठिपक्याने खाल्ली आहे. रेघा जागेवर आहेत, एवढंच तो सांगतो. लांब तरंगलांबीचा प्रकाश आत मावेल का, याबद्दल तो काही सांगत नाही.

घोळ होतो तो मापात. यॅग किंवा झिंक सेलेनाइड या स्फटिकांमध्ये फेम्टोसेकंद लेझरची (अतिशय कमी काळाच्या पल्स, म्हणजे झटके देणाऱ्या लेझरची) रेघ जिथे पडते तिथला अपवर्तनांक बहुधा घटतो. प्रकाश टिकतो तो जास्त अपवर्तनांकाच्या भागात, म्हणून मधला गाभा कोरा ठेवून त्याभोवती रेघांचं कडं लिहायचं. समजा, ही घट ०.००२ आहे. यॅगमध्ये १ मायक्रॉनच्या प्रकाशाचा एकच मोड (गाभ्यात प्रकाश पसरण्याचा एकच आकार) हवा असेल तर गाभ्याचा व्यास साधारण ९ मायक्रॉनपर्यंत ठेवता येतो. ४ मायक्रॉनला हीच मर्यादा ३६ च्या आसपास जाते. जुना ९ मायक्रॉनचा आराखडा तसाच उचललात तर प्रकाश गाभ्यात थांबणारच नाही. व्यास वाढवूनही कडं एकपदरी ठेवलंत तर तो झिरपतो, कारण लांब तरंगलांबीचं शेपूट रेघांच्या पलीकडे पोचतं. दोन-तीन पदर द्या. मात्र पदर वाढवायच्या नादात रेघा एकमेकींवर चढवू नका, स्फटिक तडकतो.

लिहिण्याचा क्रमही अनेकांचा उलटा असतो. आधी तळाच्या रेघा, मग वरच्या. वरच्या आधी लिहिल्या तर खाली जाणारा किरण त्यांच्यातच विखुरतो. आणि स्फटिक धरणारी स्टेज १०० मायक्रॉन सरकवली म्हणजे फोकस १०० मायक्रॉन खाली गेला, असं नाही. यॅगमध्ये तो सुमारे १८० मायक्रॉन जातो. हे विसरलं की गोल कडं उभं अंडाकृती होतं. शिवाय खोल जाल तसा फोकस लांबट होत जातो, म्हणून तळाची ऊर्जा वेगळी ठरवावी लागते.

झिंक सेलेनाइड सगळ्यात नाठाळ. १०० नॅनोज्यूलची, १०० फेम्टोसेकंदांची पल्स म्हणजे जवळपास १ मेगावॉट शिखरशक्ती. या स्फटिकात त्याच्या कितीतरी खालीच किरण स्वतःहून एकवटू लागतो आणि रेघ फोकसच्या आधीच फाटते. इथे ऊर्जा कमी करा किंवा पल्स काही शे फेम्टोसेकंदांपर्यंत ताणा. ८०० नॅनोमीटरचा लेझर तर इथे टाळलेलाच बरा: दोनच फोटॉन मिळून बँडगॅप (स्फटिकातला इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी किमान ऊर्जा) ओलांडतात, त्यामुळे वाटेतच शोषण सुरू होतं. १०३० नॅनोमीटरला तीन लागतात.

स्फटिकाच्या कडेजवळ फोकसचा शंकू अर्धा कापला जातो, त्यामुळे रेघेची दोन्ही टोकं कच्ची राहतात. ०.४ एनएचं (एनए म्हणजे भिंग किती रुंद कोनातून प्रकाश एकवटतं त्याचं माप) ऑब्जेक्टिव्ह आणि २०० मायक्रॉन खोली असेल तर यॅगमध्ये हा पट्टा साधारण ४५ मायक्रॉनचा. दोन्ही बाजूंनी शंभरेक मायक्रॉन घासून मगच पॉलिश करा. झिंक सेलेनाइडची घासणी ओलीच ठेवा, हातमोजे घाला. तो चुरा विषारी आहे.

आता मोजमाप. झिंक सेलेनाइडच्या दर पृष्ठावर सुमारे १७ टक्के प्रकाश परततो. दोन्ही पृष्ठं मिळून १.६ डेसिबलच्या आसपास तोटा होतो. तो वजा न करता १ सेंटिमीटरच्या तुकड्याचा आकडा काढलात तर चांगला वेव्हगाइडही टाकाऊ ठरतो. लिथियम नायोबेटमध्ये २.८७ मायक्रॉनजवळ पार जाणाऱ्या प्रकाशाच्या आलेखात दिसणारा खड्डा बहुधा स्फटिकात मुळातच असलेल्या हायड्रॉक्सिलचा असतो. लेझरची सेटिंग बदलून तो जाणार नाही. ४.२६ मायक्रॉनजवळ खड्डा दिसला तर मात्र आधी हवेतला कार्बन डायऑक्साइड आठवा. किरणाची वाट झाकून कोरडा नायट्रोजन सोडा आणि पुन्हा मोजा.