क्लेझमरच्या जुन्या रेकॉर्डी ऐकताना या चुका टाळा

पूर्व युरोपातल्या ज्यू लग्नांत वाजणारं क्लेझमर संगीत पहिल्यांदा ऐकणारे बहुतेक जण नाचाच्या चार जलद चाली ऐकतात आणि 'सगळं एकसारखंच आहे' म्हणून सोडून देतात. चूक निवडीत आहे. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची, लग्नात मात्र एका चालीला दुसरी जोडत वादक नाचणाऱ्यांच्या दमाप्रमाणे वाजवत राहायचे. म्हणून आधी एक दोइना लावा, म्हणजे तालाविना केलेली आलापी. मग संथ, लंगडत चालणारी होरा आणि त्यानंतर फ्रेलेख्स, म्हणजे नाचाची जलद चाल. या क्रमाने ऐकलं की जलद चालीचा आनंद कळतो.

दुसरी चूक म्हणजे क्लॅरिनेटलाच क्लेझमर समजणं. क्लॅरिनेटवादक नाफ्तुले ब्रांडवाइनचं वादन अप्रतिमच आहे, पण त्याआधीच्या काळात लग्नाचा ताफा व्हायोलिनवाला चालवायचा आणि साथीला संतूरच्या जातीचं त्सिंबल असायचं. १९२५ पर्यंत ध्वनिमुद्रण मायक्रोफोनशिवाय, कर्ण्यातून होई. त्यात तारवाद्यं दबायची आणि फुंकवाद्यं ठसठशीत उमटायची. एब श्वार्ट्झने १९२० मध्ये मुलगी सिल्व्हियाच्या पियानोसोबत केलेलं व्हायोलिनवादन मुद्दाम शोधा. खरखर असेल, असू द्या. ती पुसणारा फिल्टर जोरात लावला, तर स्वर मध्येच तुटल्यासारखा हुंदका, ज्याला 'क्रेख्त्स' म्हणतात, तोही पुसट होतो. माझ्या मते हे संगीत ऐकायचं ते त्या हुंदक्यासाठीच.

तानपुरा लावून ऐकताना पट्टी दोन स्वरांच्या मधेच पडते का? तेव्हा तबकडीचा वेग तपासा. '७८' हा आकडा सर्रास पाळला जात नव्हता. ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर फिरवली, तर जवळजवळ अर्धा स्वर चढतो आणि लयही धावते. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये नुसती पट्टी बदलण्याऐवजी वेग बदला, म्हणजे दोन्ही एकदम जागेवर येतात.

क्लेझमरमधली 'फ्रेगिश' सुरावट ऐकून आपल्याकडच्या कानाला बसंत मुखारी आठवतो. स्वर खरोखर तेच आहेत: कोमल रे, ध, नी आणि शुद्ध गंधार. तेवढ्यावरून रागाचं चलन शोधू नका. दुसऱ्या भागात चाल अनेकदा मध्यमालाच षड्ज करून मायनरमध्ये, म्हणजे कोमल गंधाराच्या सुरावटीत शिरते. ते वळण पकडता आलं पाहिजे.

आणि प्रत्येक ज्यू लग्न क्लेझमरचं नसतं. येमेनी ज्यू स्त्रिया तांब्याचं ताट आणि पत्र्याचा डबा वाजवून गातात. मूळच्या कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंच्या मेंदीला मराठी गाणी असतात आणि लग्नात वधू जवळ येत असताना नवरा स्वतः हिब्रू गीत गातो. अशा मुद्रणात क्लॅरिनेटची वाट पाहू नका. नवऱ्याचा आवाज, त्याची चाल आणि मागून साथ देणारी माणसं ऐका.