लग्नाचा हॉल बुक करण्याआधी चर्चच्या ऑफिसात

लग्न ठरलं की वसईकडच्या बहुतेक कॅथलिक घरांत पहिला फोन हॉलवाल्याला जातो, दुसरा केटररला, तिसरा बँडवाल्याला. फादरांची आठवण होते ती पत्रिका छापायला टाकताना. हा क्रम उलटा करा. मुलाने आणि मुलीने आपापल्या धर्मग्रामाच्या (म्हणजे आपण ज्या चर्चखाली येतो त्या पॅरिशच्या) फादरांना लग्नाच्या निदान सहा महिने आधी भेटावं. दोघांपैकी एक कॅथलिक नसेल, कोणी आखातात किंवा इस्राएलमध्ये नोकरीला असेल, किंवा कोणाचं आधी एकदा लग्न झालेलं असेल, तर वर्षभर हाती ठेवा. ऑफिसातली माणसं मुद्दाम अडवतात असं नाही. दाखले आणि परवानग्या एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये, तिथून बिशप हाउसला (बिशपांच्या कार्यालयात) जातात, आणि त्या प्रवासाला वेळ लागतोच.

तारीख निवडताना उपासनेचं कॅलेंडर समोर ठेवा. शुभ शुक्रवारी (गुड फ्रायडेला) आणि त्यानंतरच्या पवित्र शनिवारी लग्न लागत नाही. बाकीच्या उपवासकाळात (राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत) आणि आगमनकाळात (नाताळच्या आधीच्या आठवड्यांत) काय चालतं, सजावट किती करू देतात, हे आधीच विचारा. 2027 मध्ये राखेचा बुधवार 10 फेब्रुवारीला आणि पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर) 28 मार्चला आहे, म्हणजे फेब्रुवारीचे शेवटचे आठवडे गृहीत धरू नका.

बाप्तिस्म्याच्या वहीतली ओळ

कॅथलिक माणसाच्या संस्कारांची मूळ नोंद त्याचा बाप्तिस्मा झाला त्या चर्चच्या वहीत असते. पुढे दृढीकरण (कन्फर्मेशन) झालं, लग्न झालं, कोणी धर्मगुरू झालं, कोणी धर्मभगिनी होऊन अखेरचं व्रत घेतलं, तर ते त्याच ओळीशेजारी लिहिलं जातं. म्हणूनच प्रथम कोमुन्योच्या (पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याच्या विधीच्या) वेळचा, कपाटात जपून ठेवलेला दाखला लग्नाला चालत नाही. गेल्या सहा महिन्यांत काढलेला, शेजारच्या नोंदींसह असलेला नवा दाखला लागतो, कारण तुम्ही लग्नाला मोकळे आहात की नाही हे त्यावरून कळतं. उत्साहाने वर्षभर आधी काढून ठेवलात तर पुन्हा काढावा लागेल. लग्नाच्या तीन-चार महिने आधी काढलेला बरा.

वसई धर्मप्रांत (एका बिशपांच्या अखत्यारीतला चर्चचा प्रदेश) 1998 मध्ये मुंबईपासून वेगळा झाला, पण दाखल्यासाठी बिशप हाउस गाठायची गरज नसते. अर्ज त्या त्या चर्चमध्येच करायचा. जाताना पूर्ण नाव, जन्मतारीख, बाप्तिस्म्याची अंदाजे तारीख, आईवडिलांची नावं (आईचं माहेरचं आडनावसुद्धा) आणि जमल्यास गॉडफादर-गॉडमदरची नावं लिहून न्या.

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो तो नावांचा. वहीत फक्त ठेवलेलं नाव, आधारवर वडिलांचं नाव मध्ये, पासपोर्टवर 'डि' आणि 'सोजा' सुटे. लग्नाच्या नोंदीत यातलं एक उतरतं आणि दोन वर्षांनी व्हिसासाठी उभं राहिलं की दोन माणसं वेगळी ठरतात. दाखला हाती पडताच पासपोर्टशी अक्षर अन् अक्षर ताडून बघा. फरक असेल तर फादरांना खाडाखोड करायला सांगू नका, ते करणारही नाहीत. जन्मदाखला आणि आईवडिलांचे कागद जोडून रीतसर अर्ज करा. यात महिना गेला तरी चालेल, पण तो लग्नाआधीचा असू दे.

नातं मोजून बघा

आपल्याकडे सोयरिकी जवळच्या गावांतच जुळतात, त्यामुळे नातं आधी मोजावं. समाईक पूर्वज वगळून दोन्ही बाजूंची माणसं मोजायची. सख्खे चुलत, मामे, आते किंवा मावस भावंडं असतील तर चार येतात, आणि चौथ्या पायरीपर्यंत चर्चच्या कायद्यात बंदी आहे. बिशपांच्या सवलतीशिवाय असं लग्न वैध होत नाही. त्यांच्या मुलांचं एकमेकांशी नातं सहा पायऱ्यांचं, तिथे ही अडचण नाही. काकांना, आत्यांना सगळं माहीत असतं. साखरपुड्याच्या आधी विचारा.

फादर दोघांशी वेगवेगळं बोलतात

लग्नपूर्व चौकशीत मुलाला आणि मुलीला स्वतंत्रपणे बसवून प्रश्न विचारतात आणि उत्तरांखाली सही घेतात. आधी लग्न झालं आहे का, कोणाच्या दबावाखाली होकार दिला का, लग्न जन्मभराचं आणि एकाशीच आहे हे मान्य आहे का, मुलं हवी आहेत का. याची घोकंपट्टी करायची नसते. आईने दाराशी थांबून उत्तरं सुचवायची तर नाहीच. मनाविरुद्ध होत असेल तर ते सांगायची ही हक्काची जागा आहे, कारण जबरदस्तीने दिलेल्या होकाराने लग्न होतच नाही. मुलगी एकटी बसून मोकळेपणी बोलेल एवढं घरच्यांनी पाहिलं तरी मोठं काम झालं.

इथे दोन गोष्टी लपवल्या जातात. एक, व्हिसासाठी आधीच उरकलेलं कोर्ट मॅरेज. चर्चच्या दृष्टीने ते संस्कारी लग्न नाही, पण फादरांना सांगणं आवश्यक आहे, मार्ग निघतो. दुसरी, जुना घटस्फोट. कोर्टाच्या कागदाने चर्चमध्ये पुन्हा लग्न करता येत नाही. धर्मप्रांताच्या न्यायमंडळाने आधीचं लग्न अवैध होतं असा निर्णय द्यावा लागतो. पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये ही प्रक्रिया सोपी केली, दुसऱ्या न्यायमंडळाकडून तोच निर्णय पुन्हा घेण्याची सक्ती काढली. तरीही निर्णय हाती येईपर्यंत कसलीही तारीख धरू नका. जोडीदार वारला असेल तर मृत्यूचा दाखला पुरतो.

बॅन्स म्हणजे लग्नाची जाहीर घोषणा. ती साधारणपणे दोघांच्याही धर्मग्रामात तीन रविवारी मिस्सेच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या) वेळी वाचतात. तीन रविवार आणि उत्तर परत यायला लागणारा वेळ मिळून पाच आठवडे धरा. परदेशी असलेल्याच्या तिथल्या चर्चमधूनही तो मोकळा असल्याचं पत्र लागू शकतं. लग्नपूर्व शिबिराला दोघांनी एकत्र जावं. जागा मर्यादित असतात आणि लग्नसराईच्या तोंडावर भरतात, म्हणून नाव आधी नोंदवा. दृढीकरण राहिलं असेल तर तेही याच काळात उरकावं, आणि लग्नाच्या आठवड्यात प्रायश्चित्त संस्कार (फादरांपुढे पापांची कबुली) घ्यावा.

जोडीदार कॅथलिक नसेल तर

इथे गैरसमज फार. बाप्तिस्मा न झालेल्या जोडीदाराने धर्म बदललाच पाहिजे असं चर्च म्हणत नाही. बिशपांची सवलत घ्यावी लागते. वचन कॅथलिक व्यक्तीने द्यायचं असतं: आपली श्रद्धा सोडणार नाही, आणि मुलांना बाप्तिस्मा व कॅथलिक संस्कार मिळावेत म्हणून शक्य ते सगळं करेन. या वचनाची कल्पना जोडीदाराला असायला हवी, त्याच्याकडून सही करून घेतलेली कबुली लागत नाही. हे समोरच्या घरी आधीच नीट सांगा, फादरांच्या ऑफिसात पहिल्यांदा कळलं तर सासर-माहेर दोन्हीकडे मनं दुखावतात.

वेदीपुढे दोन साक्षीदार लागतात. ते धावपळीत नसणारे, वेळेवर येणारे निवडा. मिस्सा संपल्यावर सहीसाठी त्यांना हॉलमधून शोधून आणणं बरं दिसत नाही. बाहेरगावचे नातलग फादर लग्न लावणार असतील तर स्थानिक प्रमुख धर्मगुरूंनी त्यांना तसा अधिकार द्यावा लागतो. हा अधिकार राहून गेला तर लग्नाच्या वैधतेचाच प्रश्न येतो, म्हणून आठवडाभर आधी आठवण करा.

लग्नानंतरचं काम विभागातल्या (धर्मग्रामातल्या आपल्या वस्तीतल्या) जुन्या जोडप्यांचं. नवं जोडपं बहुधा नव्या फ्लॅटमध्ये, कधी नव्या धर्मग्रामात जातं आणि रविवारी मागच्या बाकावर अनोळखी बसतं. पहिल्या महिन्यात विभागातल्या एका जोडप्याने त्यांच्या घरी जाऊन चर्चमध्ये कुटुंबाची नोंद करून द्यावी, घरच्या प्रार्थनेचा दिवस सांगावा. सल्ले देऊ नयेत, चहा घ्यावा. वर्षभरात तीन-चार वेळा तरी जावं. पैशांवरून किंवा सासूवरून पहिली खटकाखटकी होते तेव्हा ओळखीचं दार जवळ असलं की मुलं बोलतात.

आणि कागदाचं एक शेवटचं काम. लग्न लागलं ते चर्च दोघांच्या बाप्तिस्म्याच्या चर्चना कळवतं आणि तिथल्या ओळीशेजारी लग्नाची नोंद होते. हे पत्र कधी टपालात, कधी टेबलावर राहून जातं. सहा महिन्यांनी दोघांनी आपापला बाप्तिस्म्याचा दाखला पुन्हा काढून बघावा. नोंद नसेल तर लग्नाच्या दाखल्याची प्रत घेऊन जावं आणि ती आपल्यासमोर लिहून घ्यावी.